चार पंखांचं विमान

त्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर जेवण क्वचितच व्हायचं. टेबलावर विमान असायचं. म्हणजे विमानाचा नकाशा पसरलेला, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, प्लास्टिकवर टाचण्यांनी अडकवलेल्या बाल्सा लाकडाच्या हलक्या काड्या, आणि त्या चिकटून सुकायची वाट बघत बसलेले गृहस्थ. नवराबायको ताटं मांडीवर घेऊन खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांत जेवायची. विमान पुरं होऊन एकदा उडालं की टेबल काही आठवडे मोकळं व्हायचं. बायको त्यावर धुतलेला कपडा अंथरायची, दोघं चारचौघांसारखी समोरासमोर बसायची, आणि दोघांनाही जेवण जायचं नाही. मग पुढच्या विमानाचं किट निवडायची वेळ आली असं समजायचं.

गृहस्थांना सगळे काटेवाले म्हणत. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. गोदामातले पोती तोलायचे काटे, दुकानातले काटे, औषधांच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवलेले नाजूक काटे, सगळे त्यांच्या हाताखालून जात. माणूस स्वभावाने गरीब, पण वजनाच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय करणार नाही. ते बाजारात नुसते उभे राहिले तरी भाजीवाला आपणहून दोन बटाटे जास्तीचे टाकायचा. खोटा काटा आणि खोटं बोलणारा माणूस यांच्यात त्यांच्या लेखी काही फरक नव्हता.

उरलेला सगळा जीव विमानांत. रिमोटवर उडणारी, खऱ्या विमानांची मापात लहान केलेली मॉडेलं ते बनवत. बनवत, उडवत नसत. पहिलं विमान त्यांनी स्वतः उडवलं होतं. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं, हे त्यांना माहीत होतं, पण हातांना माहीत नव्हतं. वर्षभराची मेहनत मैदानाच्या कुंपणात घुसली. तेव्हापासून त्यांनी रिमोटला हात लावला नाही. त्यांची विमानं त्यांचा मित्र उडवायचा. हा मित्र निवृत्त बसड्रायव्हर, छाती भरदार, आवाज मोठा, हात मात्र लोण्यासारखा मऊ. विमान वर असेपर्यंत काटेवाले पाठ फिरवून उभे राहत आणि बायको त्यांना सांगायची, आता वळलं, आता उतरतंय, उतरलं, बघा आता.

बायको पडदे शिवायच्या कारखान्यात होती. मोठमोठ्या सभागृहांचे जड पडदे शिवून, इस्त्री करून तिचे दंड पुरुषासारखे झाले होते आणि त्याचा तिला अभिमान होता. विमानात ती कशी आली तेही सांगायला हवं. लाकडी सांगाड्यावर शेवटी एक पातळ रंगीत फिल्म चढवतात. ती गरम इस्त्रीने चिकटते आणि आखडून ताठ बसते, जमलं तर. काटेवाल्यांना ते जमत नव्हतं. पहिल्या विमानाचा पंख त्यांनी असा काही मढवला होता की बायकोने तो उचलून पाहिला आणि विचारलं, हे रात्रभर उशाखाली घेऊन झोपला होतात का? मग त्यांच्या हातातून इस्त्री काढून घेत म्हणाली, द्या इकडे. ती इस्त्री पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. सांगाडा त्यांचा, कातडी तिची, अशी वाटणी झाली. मढवून झालं की ती पंख खिडकीशी तिरपा धरायची आणि एक डोळा मिटून त्याच्यावरून नजर फिरवायची. एक सुरकुती दिसली तरी अख्खी फिल्म ओरबाडून काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मूलबाळ झालं नाही. झालं नाही म्हणून दोघं रडत बसली असंही नाही. पण घरातली वर्षं मुलांच्या इयत्तांनी मोजतात तशी यांची विमानांनी मोजली जायची. घर बदललं ते निळ्या विमानाच्या वेळी. तिची आई गेली तेव्हा समुद्रावरचं विमान अर्धं झालं होतं. कुठल्या किटला किती काळ लागतो हे नवऱ्याइतकंच बायकोलाही तोंडपाठ होतं, कारण तेवढा काळ तिला ताट मांडीवर घ्यावं लागायचं.

आणि आयत्या विमानांचा दोघांनाही मनस्वी तिटकारा होता. हल्ली खोक्यात सगळं तयार मिळतं. अंग तयार, पंख मढवलेले, आपण चार स्क्रू पिळायचे, मोटर जोडायची आणि मैदानावर जायचं. मैदानावर एकाने असलं विमान आणून मोठ्या तोऱ्यात विचारलं, कसं वाटलं माझं विमान? काटेवाले म्हणाले, तुमचं फक्त खोकं आहे. बायको ही गोष्ट येईल त्याला सांगायची आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

त्या वर्षी टेबल मोकळं होतं. दुकानदाराने दिलेली चित्रांची पुस्तिका त्यावर उघडून दोघांचं नेहमीचं भांडण झालं. तिला जुन्या काळातलं टपाल नेणारं विमान हवं होतं. वर दोन पंख, खाली दोन पंख, मधे उभ्या दांड्या आणि तारा. काटेवाले म्हणाले, अगं, प्रत्येक पंखात फासळ्या किती आहेत बघितल्यास का? हे संपायला दोन वर्षं लागतील. ती म्हणाली, लागू देत, आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे, चार पंख आहेत, इस्त्रीला बरं पडेल. ठरलं. दुकानदाराला निरोपही गेला की टपालाचं विमान बाजूला काढून ठेवा.

मधल्या काळात तिचं पोट दुखायला लागलं. आधी तिने ते अंगावर काढलं, मग काटेवाल्यांनी जबरदस्तीने तपासणीला नेलं. एका तपासणीतून दुसरी निघाली, आणि एका सकाळी तिला आत पलंगावर झोपवलेलं असताना डॉक्टरीणबाईंनी काटेवाल्यांना पाण्याच्या यंत्रापाशी बोलावलं. बाई चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या. म्हणाल्या, वर्षाची भाषा आता करू नका, महिन्यांची करा, आणि तेही थोडे. त्यांना तुम्ही सांगाल की मी सांगू? काटेवाले म्हणाले, मी सांगतो.

सांगितलं काय, तर ताकद कमी झाली आहे, औषधं लांबतील, पण काळजीचं कारण नाही. तिने मान डोलावली आणि बसमध्ये त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. उभ्या जन्मात ज्यांनी काट्याला केसभर खोटं बोलू दिलं नाही ते काटेवाले बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि खरं सांगण्याची भीती त्या लाजेपेक्षा मोठी होती.

दुसऱ्याच दिवशी ते किट आणायला गेले. तिनेच पिटाळलं. घरात बसून माझ्या तोंडाकडे बघत राहू नका, म्हणाली, जा आणि टेबल अडवायला काहीतरी घेऊन या.

दुकान लांबट, अंधारं. छताला दोऱ्यांनी विमानं टांगलेली, काचेच्या कपाटात पंखे, चाकं, मोटरी, बॅटऱ्या. दुकानदाराने टपालविमानाचं जडशीळ खोकं त्यांच्यापुढे ठेवलं आणि झाकण उघडलं. आत लाकडाच्या पातळ फळ्या, नकाशाची गुंडाळी, आणि तो कोऱ्या लाकडाचा वास. एरवी या वासाने काटेवाल्यांचं भान हरपायचं. आज त्यांनी एक फळी उचलली, हातावर तोलली, आणि सवयीने मनात हिशेब सुरू झाला. शेपूट आणि अंग, तेवढ्यात उन्हाळा येईल. खालचे पंख. वरचे पंख. मग मढवणं. डॉक्टरीणबाईंनी दिलेले महिने त्यांनी दुसऱ्या पारड्यात टाकले. पारडं हललंसुद्धा नाही.

त्यांची नजर वर गेली. भिंतीवरच्या मांडणीत एक पिवळं विमान होतं, शेतावर औषध फवारणाऱ्या विमानाची प्रतिकृती, दिसायला छान, पण आयतं. त्यांना एकच चित्र दिसलं. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकली आहे, बायको शाल गुंडाळून बसली आहे, वर पिवळं विमान गिरक्या घेतंय आणि ती त्यांना सांगतेय, आता वळलं, आता उतरतंय. आणखी एकदा तरी ते ऐकायला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

ते म्हणाले, ते पिवळं द्या.

दुकानदाराला आधी थट्टा वाटली. मग त्याने विचारलं, कुणाला भेट द्यायचंय का? काटेवाले हो म्हणाले. टपालविमान परत मागे गेलं.

घरी आले तेव्हा बायको टेबलाशी बसून त्यावरचा कपडा काढून घडी घालत होती. नकाशासाठी जागा करून ठेवत होती. त्यांनी खोकं ठेवलं. तिने वरचं चित्र बघितलं, झाकण उघडलं, पिवळा मढवलेला पंख बाहेर काढला आणि खिडकीशी तिरपा धरून एक डोळा मिटला.

"टोकाशी सुरकुत्या आहेत," ती म्हणाली. "कुणी केलंय हे काम?"

"यंत्राने करतात बहुतेक."

"तरीच." तिने पंख हळूच टेबलावर ठेवला. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

काटेवाल्यांनी ताकदीचं आणि औषधांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. तिने ते मधेच तोडलं.

"अहो, तुम्ही आयतं विमान आणलंत."

मग त्यांच्याने राहवलं नाही. खुर्चीच्या पाठीला धरून ते उभ्याउभ्याच रडले, आणि जे पाण्याच्या यंत्रापाशी ऐकलं होतं ते शब्दन् शब्द तिला सांगितलं. दुसऱ्या कुठल्याही घरात नवरा दुकानातून वेगळं खेळणं घेऊन आला असता तर बायकोला त्यातून काही कळलं नसतं. या घरात कळायला तेवढं पुरलं.

ती रडली नाही. ती चिडली, आणि चांगलीच चिडली. मरणावर नाही, नवऱ्यावर. माझ्या वाटणीची फिल्म यंत्राच्या हातात देऊन मोकळे झालात, म्हणाली, मला अजून हात आहेत.

"तुला उडताना बघता यावं म्हणून आणलं गं," काटेवाले म्हणाले.

"मी पुष्कळ बघितलीत उडताना. बघत तुम्ही नव्हता." ती थांबली, दम लागला होता. "हे महिन्याभरात उडेल. मग? टेबल मोकळं. मी नाही, आणि तुम्ही एकटे त्या मोकळ्या टेबलाशी बसून जेवणार? मला ते नकोय. जा, बदलून आणा."

ते बदलून आणायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, पसंत नाही पडलं का? घरी पसंत नाही पडलं, काटेवाले म्हणाले, आणि त्या आठवड्यात घराबाहेर बोललेलं ते त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं.

टेबल पुन्हा अडलं. ताटं पुन्हा मांडीवर आली, तिच्या ताटात आता सूपची वाटी असायची आणि तीही बरेचदा तशीच राहायची. यावेळी कामाची रीत मात्र बदलली. एरवी सगळा सांगाडा पुरा झाला की मग ती इस्त्री हातात घ्यायची. आता जो भाग तयार होईल तो लगेच तिच्याकडे जायचा. शेपूट तिने बसून मढवली. नकाशात डावे पंख आधी काढलेले होते, म्हणून काटेवाल्यांनी डावीकडचा खालचा आणि वरचा असे दोन्ही पंख आधी केले. इतक्या घाईने त्यांनी कधीच काम केलं नव्हतं. धंद्याची कामं परत जात होती, गिऱ्हाईकं कुरकुरत होती, त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते दोन्ही पंख तिने मढवले, एक उशीला टेकून, दुसरा पलंगावर आडवी पडून, छातीवर फळी ठेवून. वरच्या पंखाचं टोक गोल होतं. अशा टोकाला फिल्मला चिरा देऊन तुकड्यातुकड्याने बसवतात, सगळेच तसं करतात. तिने एकही चीर न देता अखंड फिल्म त्या गोलाईवरून फिरवून आणली. त्याला तिला बरेच दिवस लागले. संपल्यावर पंख त्यांच्याकडे देत म्हणाली, बघा, डोळा मिटून बघा. त्यांनी बघितलं. पाण्यासारखा सपाट होता.

त्यानंतर तिचे हात उचलेनात. मग तिने नवऱ्याला शिकवायला घेतलं. शिकवताना ती काही गोड बोलत नव्हती. विमानाचं अंग मढवताना ते फिल्म जाळायचे, भोकं पाडायचे, सुरकुत्यांवर दुसरा तुकडा चिकटवून झाकायचे आणि ती उशीवरूनच ओळखायची.

"इस्त्री फिरवू नका," ती म्हणायची. "ठेवा. उचला. परत ठेवा. तुम्ही ढकलता, म्हणून फिल्मला सुरकुत्या पडतात."

ती गेली तेव्हा उजवीकडचा खालचा पंख टाचण्यांत अडकलेला होता. दुपार होती. काटेवाले शेजारी बसून फासळ्या घासत होते आणि श्वास थांबल्याचं त्यांना लगेच कळलं नाही, कारण घासपेपरचा आवाज येत होता. हे त्यांनी नंतर ड्रायव्हर मित्राला सांगितलं आणि दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही.

भेटायला माणसं आली. तिच्या बहिणीने टेबल रिकामं करायला घेतलं, पाहुण्यांच्या कपबशा ठेवायला जागा नव्हती. काटेवाले म्हणाले, त्याला हात लावायचा नाही. मेहुणी मागे सरली. माणसं हातात कप धरून उभी राहिली आणि गेली.

मग काटेवाले उजवे दोन पंख करत राहिले. सावकाश केले. संध्याकाळी मांडीवर ताट घेऊन खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जेवायचे आणि शेजारच्या खुर्चीकडे न बघता उठायचे. घर खायला उठायचं, पण टेबल त्यांना धरून ठेवायचं. मढवताना पुष्कळ फिल्म वाया गेली. एकावर एक ठिगळं चढली. शेवटी लांबून बघितलं तर बरे दिसतील असे दोन पंख तयार झाले, आणि एके दिवशी विमान चाकांवर उभं राहिलं. लाल अंग, पांढरे चार पंख.

ड्रायव्हर ते बघायला आला. फार देखणं झालंय, म्हणाला आणि नाक शिंकरलं. उडवायच्या आधी विमान तोलावं लागतं. त्यांनी नाकाला आणि शेपटीला दोरी बांधून ते दिव्याच्या हुकाला अधांतरी टांगलं. विमान क्षणभर सरळ राहिलं, मग उजवीकडे कलंडलं. हाताने सरळ केलं, पुन्हा उजवीकडेच कलंडलं. काटेवाल्यांनी पंख सोडवून आपल्या काट्यावर ठेवले. तिचे दोन्ही हलके होते. त्यांचे जड होते, आणि किती जड ते काटा सांगत होता. सगळी ठिगळं, झाकलेल्या सगळ्या सुरकुत्या त्या पारड्यात होत्या.

ड्रायव्हर म्हणाला, "अरे, हे रोजचंच आहे. हलक्या पंखाच्या टोकात एक खिळा खुपस. तोल सांभाळला जाईल. सगळे तेच करतात."

काटेवाल्यांनी खणातून खिळा काढला, तोलून योग्य तो निवडला. तिचा वरचा डावा पंख मांडीवर घेतला. खिळा आत जायचा तर गोल टोकाशी फिल्मला चीर द्यायला हवी होती. त्यांनी पातं उघडलं आणि त्या टोकावर अंगठा फिरवला. कुठे जोड लागत नव्हता. त्यांचा हात तसाच थांबला.

"दे, मी करतो," ड्रायव्हर म्हणाला.

"नको."

त्यांनी खिळा खणात परत ठेवला. तिचा पंख पलंगावर, तिच्या उशीवर नेऊन ठेवला. मग आपला उजवा पंख टेबलावर घेतला, नखाने फिल्मचं टोक उचललं आणि सगळी फिल्म एका बाजूने ओरबाडून काढायला सुरुवात केली. इतक्या महिन्यांचं काम फराफरा निघत होतं. ड्रायव्हर तोंड उघडून बघत राहिला.

"अरे वेड्या, मग हे उडणार कधी?"

"माझं काम तिच्याएवढं हलकं झालं की."

"आणि नाही झालं तर?"

लाकूड उघडं पडलं होतं, ते काटेवाल्यांनी फडक्याने पुसलं. नवी फिल्म मापाने कापली, पंखावर पसरली, इस्त्री तापायची वाट बघितली. ड्रायव्हर जायला उठला. दारातून वळून त्याने बघितलं तेव्हा काटेवाले टेबलावर वाकले होते आणि स्वतःशीच, कुणाला तरी ऐकू जावं इतपत आवाजात बोलत होते. ठेवा, ते म्हणत होते. उचला. परत ठेवा.